मानलेल्यांचे पितर

१९८१ साल. भाद्रपदाची अमावास्या, पहाटेचे चार. तू कंबोडियात, ताकेओ प्रांतातल्या एका खेड्यात आहेस आणि येय, म्हणजे आजी, तुला गदागदा हलवून उठवते आहे. प्चुम बेनचा, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाचा, शेवटचा दिवस. ती तुझी सख्खी आजी नव्हे. १९७९ च्या जानेवारीत पोल पोटची राजवट कोसळली, माणसं आपापल्या गावांकडे पायी निघाली, तेव्हा वाटेत तिनं आपल्यातला अर्धा भात तुला दिला. तुला जायला गाव उरलं नव्हतं, म्हणून तू तिच्याच गावी आलीस. बारका त्याच वाटेवर मागे लागला. आठेक वर्षांचा असेल. त्यालाही ठाऊक नाही.

रात्रभर चुलीवर आन्सोम शिजत होते. चिकट तांदूळ, मुगाची डाळ, आत डुकराच्या मांसाची पट्टी, वर केळीचं पान. मांस जेमतेम. येयनं प्रत्येकात नखाएवढं घातलं आणि बारक्याच्या वाटच्यात दोन तुकडे सरकवले, कुणाचं लक्ष नाही असं समजून. सामुदायिक भोजनशाळेतल्या पातळ पेजेवर काढलेल्या पोल पोटच्या त्या वर्षांत स्वतःची चूल पेटवणं हाच गुन्हा होता. त्यामुळे गाठ सैल बांधलीस म्हणून ती खेकसली, तेही तुला गोड लागलं.

चिखल तुडवत विहारात. छप्पर गेलेलं. भिक्खू दोनच, दोन्ही म्हातारे. पन्नाशीच्या आतल्यांना चीवर घ्यायला नव्या सरकारची मनाई आहे. प्रेतात्म्यांना उजेड सोसत नाही, म्हणून अंधारातच तीन प्रदक्षिणा, हातात तीळ घातलेले भाताचे गोळे. आपल्या सर्वपित्रीचीच तिथी, पिंडही तेच. फक्त इथे कावळ्यासाठी खोळंबायचं नाही, गोळे टाकत पुढे चालायचं.

पितर म्हणे सात विहार पालथे घालतात, आणि कुठेच आपल्या माणसांनी ठेवलेला घास मिळाला नाही तर शाप देतात. पण तुझे वडील बाट्टाम्बांगकडे कालवा खणताना गेले. या परक्या गावात ते तुला शोधणार कसे? येयचं फर्मान असं की इथे जे येतील ते आपले, त्यांना जेवू घालायचं. तिकडे कुणीतरी तुझ्या वडिलांना घालेल. शास्त्रात हे बसतं की नाही कोण जाणे, पण याहून चोख हिशोब मला तरी सुचत नाही.

उजाडल्यावर मृतांच्या नावांचा कागद निघतो. येय नवरा आणि दोन मुलगे सांगते, धाकट्याचं नाव घेत नाही. लिहिलं की मेला. तूही भावाचं नाव गाळतेस.

बारक्याची पाळी.

“आई आणि बाबा,” तो म्हणतो.

“नावं सांग, बाळा.”

तो गप्प. येय पुढे सरसावते. “माझी लेक आणि जावई. लिहा.”

लिहिणारे आजोबा याच गावचे. येयला लेक नव्हती हे त्यांना पक्कं माहीत आहे. ते चष्म्यावरून तिच्याकडे बघतात, मग कागदाकडे.

“नावं?”

ती जराही न अडखळता दोन नावं ठोकून देते.