चिपच्या पोटातलं लॉग टेबल

आज थेट प्रश्नानेच सुरुवात करतो. १९९३ सालच्या ‘डूम’ या गेमचं संगीत आज मोबाइलवर ऐकायचंय. गेमची फाइल मिळाली की काम झालं का? नाही. कारण त्या फाइलमध्ये एमपी-थ्रीसारखा रेकॉर्ड केलेला आवाज नसतोच. कुठला सूर, कधी, कुठल्या वाद्याचा, एवढ्याच सूचना असतात. आवाज काढायचा तो साउंड कार्डावरच्या चिपने. चिप गेली की त्या सूचना मुक्या.

बऱ्याच कॉम्प्युटरांत ही चिप यामाहाची असायची. वायएम३८१२, म्हणजेच ओपीएल-टू. १९८७ च्या ॲडलिब कार्डावर ती होती, १९८९ च्या साउंड ब्लास्टरवरही होती. तिच्यामागची कल्पना आणखी जुनी. १९६७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग यांच्या लक्षात आलं, की एका लहरीने दुसरीला खूप वेगाने हलवलं तर कंप ऐकू येत नाही, आवाजाचा पोतच बदलतो. हेच एफएम सिंथेसिस. यामाहाने त्याचा परवाना घेतला आणि पुढे ते चिपमध्ये बसवलं.

आता गंमत बघा. ही चिप एकाच वेळी नऊ आवाज काढते आणि सेकंदाला जवळपास ५० हजार वेळा नवा आकडा बाहेर देते. त्या काळी गुणाकाराचं सर्किट महाग, जागाही खूप खाणारं. मग काय करायचं? अकरावी-बारावीत आपण जे करतो तेच! लॉग टेबल काढायचं, लॉगची बेरीज करायची, मग अँटिलॉग बघायचा. गुणाकार गायब.

पण ते टेबल नेमकं कसं आहे हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं. डेटाशीटमध्ये फक्त वापर कसा करायचा तेवढं. त्यामुळे सुरुवातीचे इम्युलेटर मोजमापावर आणि अंदाजावर चालायचे. आवाज जवळ जायचा, पण तोच नसायचा.

२००८ मध्ये मॅथ्यू गॅम्ब्रेल आणि ओली निएमितालो यांनी चिपचं कवच काढून आतल्या सिलिकॉनचे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो अभ्यासले. फोटोत रॉमचे ठिपके दिसतात, म्हणजे शून्य की एक ते वाचता येतं. सापडली दोन टेबलं, प्रत्येकात २५६ आकडे. एक साइनच्या लॉगचं, दुसरं अँटिलॉगचं. साइनची लहरही पाव भागच साठवलेली, कारण उरलेली तीन पावं आरशासारखी उलटी-सुलटी करून मिळतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शून्याचा लॉग काढताच येत नाही आणि साइन तर शून्यापासून सुरू होते! मग यामाहाच्या इंजिनियरांनी टेबल अर्ध्या पायरीने पुढे सरकवलं. शून्य कधी येतच नाही. इतकी बारीक युक्ती कान लावून कशी कळणार?

हे आकडे हाती आल्यावर इम्युलेटरला या टेबलांचा अंदाज करायची गरज उरली नाही. बेरीज तीच, टेबल तेच, त्यामुळे बाहेर पडणारा आकडाही तोच.

कोणी म्हणेल, जुन्या गेमच्या टुणटुणीसाठी एवढा खटाटोप? मी म्हणतो, हो. त्या काळी बऱ्याच जणांनी ते संगीत याच चिपच्या आवाजात ऐकलं होतं. जुनी कार्डं एकेक करून बंद पडणारच. टेबल मात्र आता कुठल्याही फोनमध्ये मावतं.

आज डूमचं ओपीएलमधलं संगीत नक्की शोधून ऐका, आणि कसं वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!