जीर्णोद्धाराची दृष्टी : क्लॉड बॅटली आणि आपली मंदिरे

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पूर्वसूरींच्या दातृत्वाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जिनालये उभारणाऱ्या विमलशहा, वस्तुपाल-तेजपाल, धरणाशहा या श्रेष्ठींची नावे आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहेत. परंतु उभारलेली मंदिरे शतकानुशतके टिकविण्यासाठी ज्यांनी कष्ट घेतले, त्यांची नावे सहसा कोणी घेत नाही. अशांपैकी एक नाव जन्माने जैन नसलेल्या, किंबहुना भारतीयही नसलेल्या एका वास्तुविशारदाचे आहे. ते म्हणजे क्लॉड बॅटली.

बॅटली यांचा जन्म १८७९ साली इंग्लंडमध्ये झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते मुंबईस आले आणि पुढे येथेच रमले. १९५६ साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ या वास्तुविशारद संस्थेचे ते भागीदार होते. १९३० साली सुरू झालेले मुंबई सेंट्रल स्थानक त्यांच्याच आराखड्यानुसार बांधले गेले. तथापि त्यांचे खरे कार्य घडले ते सर जे. जे. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे त्यांनी त्या विभागाची धुरा वाहिली.

त्या काळी वास्तुकलेचे शिक्षण म्हणजे प्रामुख्याने ग्रीक व रोमन स्तंभांचा अभ्यास. बॅटली यांनी विद्यार्थ्यांना आपल्याच देशातील जुन्या वास्तूंकडे वळविले. हातात फीत घेऊन विद्यार्थ्यांनी मंदिरात, मशिदीत, जुन्या हवेलीत जावे, प्रत्येक खांब, तुळई, कमान, झरोका मोजावा आणि त्याचा नकाशा, छेद व दर्शनी भाग कागदावर अचूक उतरवावा, असा त्यांचा आग्रह असे. अशा मोजणी-आराखड्यांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. जुन्याची नुसती नक्कल करावी, असे मात्र त्यांचे म्हणणे नव्हते. आपले ऊन, आपला पाऊस आणि आपली राहणी ओळखून जुन्या कारागिरांनी सावली, ओसरी, चौक व जाळी यांची योजना कशी केली, ते समजून घ्यावे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. कोकणातील आचरे गावचे सुपुत्र अच्युत कानविंदे हे त्यांच्याच हाताखाली शिकले व पुढे अहमदाबादेतील ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या वास्तूचे शिल्पकार ठरले.

अहमदाबादचा उल्लेख आला, की शेठ कस्तुरभाई लालभाई यांचे स्मरण अटळ आहे. आम्हा कापड व्यापाऱ्यांना त्यांचे नाव अरविंद मिलमुळे परिचित. सकल श्रीसंघाला ते शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे दीर्घकाळचे अध्यक्ष म्हणून वंदनीय. बॅटली यांनी अहमदाबादेत कस्तुरभाईंच्या निवासस्थानाचे काम केले. तेथील माणेकलाल जेठाभाई ग्रंथालयाची वास्तूही त्यांचीच. एका चोखंदळ गिरणीमालकाची आणि जुन्या दगडालाकडात रमणाऱ्या एका वास्तुविशारदाची ही गाठ आपल्या तीर्थांच्या दृष्टीने भाग्याची ठरली.

ज्या शहरात ही गाठ पडली, ते शहरही अशा दृष्टीला पोषकच होते. १४११ साली वसलेल्या अहमदाबादच्या पोळांमध्ये गल्ल्या अरुंद असतात, ती जागेची केवळ चणचण नव्हे. समोरासमोरच्या घरांची सावली भर उन्हाळ्यात वाटसरूला मिळते. घराच्या मध्यभागी चौक, चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे टाके, दाराशी ओटा, नाक्यावर पाखरांसाठी चबुतरा आणि रात्री बंद होणारा पोळीचा एकच दरवाजा. याच पोळांतून दर्शनी भागी साध्या घरासारखी दिसणारी, पण आत कोरीव कामाने नटलेली आपली देरासरे आहेत. शेजार, व्यापार आणि धर्म एकाच गल्लीत नांदत होते. २०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. भारतात हा मान प्रथम अहमदाबादला मिळाला.

आता राणकपूरकडे वळू. राणा कुंभ यांच्या राजवटीत धरणाशहांनी बांधविलेल्या व शिल्पी देपाक यांनी घडविलेल्या या चौमुख मंदिराची प्रतिष्ठा विक्रम संवत १४९६, म्हणजे इसवी सन १४३९ मध्ये झाली. १४४४ स्तंभांचे हे आदिनाथ जिनालय पुढे आक्रमणे व स्थलांतरे यांमुळे ओस पडले. भोवती रान माजले, छताला वटवाघळे लागली, यात्रेकरूंची पावले थांबली. पेढीकडे व्यवस्था आल्यानंतर कस्तुरभाईंनी जीर्णोद्धार मनावर घेतला आणि त्यासाठी बॅटली यांचा सल्ला घेतला. सुमारे १९३४ ते १९४५ अशी अकरा वर्षे हे काम चालले. भंगलेला भाग तेवढाच काढावा, नवा दगड जुन्याशी एकजीव व्हावा आणि कारागीर आपल्याच सोमपुरा परंपरेतील असावेत, या पद्धतीने मंदिर पूर्ववत झाले. आज तेथे कोणता दगड धरणाशहांचा व कोणता पेढीचा, हे सामान्य यात्रेकरूला सांगता येत नाही. जीर्णोद्धाराचे यश यातच आहे.

हीच परंपरा पुढे देलवाड्यास चालली. १९५० च्या दशकात शिल्पी अमृतलाल त्रिवेदी यांच्या देखरेखीखाली तेथील भंगलेले संगमरवरी काम पुन्हा घडविले गेले. शत्रुंजयावर चुन्याच्या थराखाली झाकले गेलेले मूळ कोरीव काम मोकळे करण्यात आले. म्हणजे जीर्णोद्धार कधी भर घालून होतो, तर कधी मागाहून चढलेले उतरवूनही होतो.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन वेगळे आहे. आपल्या महाराष्ट्रात गावोगावी शे-दीडशे वर्षांपूर्वीची देरासरे आहेत. सागवानी खांब, कोरीव तुळया, चुन्याच्या भिंती, वाड्यासारखा चौक असे त्यांचे रूप. गेल्या काही दशकांत त्यांपैकी कित्येक उतरवून त्या जागी पांढऱ्या संगमरवराची नवी मंदिरे उभी राहिली. जी उरली, त्यांच्या कोरीव लाकडावर ऑइलपेंट चढला आणि भिंतींना टाइल्स लागल्या. यामागे भक्तीच आहे, याविषयी शंका नाही. संघ वाढला, जागा अपुरी पडली, काही ठिकाणी वाळवीने इमारत खरोखरच धोकादायक झाली, हेही मान्य केले पाहिजे. अशा वेळी नवे बांधणे हाच मार्ग असतो.

परंतु प्रत्येक ठिकाणी तसे असते का? व्यापारी माणूस जुना माल मोडीत काढण्यापूर्वी निदान यादी करतो. मंदिराच्या बाबतीत ती यादीही होत नाही. नव्या शिलान्यासाचे चढावे लाखांत जातात, कारण तेथे नावाची तक्ती लागते. गळके पन्हाळ बदलण्याच्या बोलीला मात्र कोणी उभे राहत नाही. वास्तविक नवीन जिनालयापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपले पूर्वाचार्य सांगत आले आहेत. देवद्रव्याचा विनियोगही त्यासाठी करावा, अशी परंपरा आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या परिसरातील प्रत्येक जुन्या देरासराचे, उपाश्रयाचे व धर्मशाळेचे मोजणी-आराखडे व छायाचित्रे करून घ्यावीत. वास्तुकला महाविद्यालयांतील विद्यार्थी अशी कामे अभ्यास म्हणून आनंदाने करतात. खर्च एका स्वामिवात्सल्याहून अधिक येणार नाही. कोणतीही वास्तू उतरविण्याचा ठराव करण्यापूर्वी जाणकार वास्तुविशारद व अनुभवी सोमपुरा यांचा लेखी अभिप्राय घ्यावा. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, छप्पर व पन्हाळ यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी ठेवावा.

परदेशातून आलेल्या एका माणसाने फीत हाती घेऊन आपल्या वास्तू मोजायला शिकविले. त्या मोजण्यासाठी आपल्या मुलांना आता दूर जावे लागणार नाही. पुष्कळ काही आपल्याच गल्लीत उभे आहे. ट्रस्टच्या शताब्दीची स्मरणिका निघेल तेव्हा त्यातही ते उभे असावे, एवढीच शासनदेवाचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.