शेवटच्या आजाराची शुश्रूषा आणि तिची पारख

कर्करोगाच्या दुखणाइताला घेऊन ‘टाटा’च्या फेऱ्या घालणारी माणसे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आढळतील. पनवेलच्या एस.टी. स्थानकाला तर त्यांची चांगलीच ओळख आहे. कोकणातून यायचे, इथे गाडी बदलायची आणि पिशवीतले कागद जपत परळ गाठायचे. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून हा ओघ चालू आहे. २००२ मध्ये त्याच संस्थेचे संशोधन केंद्र आपल्या पनवेल तालुक्यात खारघरला आले आणि उपचारही दाराशी आले. पुष्कळजण बरे होऊन घरी परततात, ही आनंदाची गोष्ट. पण काहींच्या बाबतीत एक दिवस असा उगवतो, की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात आणि म्हणतात, “आता घरी न्या. हवं-नको ते बघा.”

या वाक्यानंतर पुढे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. रोग बरा होणार नाही, पण माणूस अजून जिवंत आहे. त्याला दुखते, भूक लागत नाही, रात्री झोप येत नाही. अशा माणसाची शुश्रूषा करणारी संस्था चांगली की वाईट, हे कशावरून ओळखावे? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधायला जगाला शंभर-सव्वाशे वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास मला आज थोडक्यात सांगायचा आहे.

इंग्रजीत अशा संस्थेला हॉस्पाइस म्हणतात. हा शब्द मूळचा लॅटिन. पाहुणा आणि यजमान या दोघांनाही लागू पडणाऱ्या शब्दापासून तो निघाला. युरोपात यात्रेकरूंना आसरा देणाऱ्या मठांना पूर्वी हॉस्पाइस म्हणत. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर धर्मशाळाच! १८४२ च्या सुमारास फ्रान्समधील लिआँ शहरात जान गार्निए या विधवा बाईने मरणासन्न रुग्णांसाठी एक घर उघडले आणि हा शब्द त्या घराला लागू झाला. १८७९ मध्ये आयर्लंडमध्ये डब्लिनला असेच घर निघाले. मायेने करावे, तोंडात पाणी घालावे, देवाचे नाव ऐकवावे, एवढेच त्या काळी हातात होते.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे मुळीच नाही. आपले हॉस्पाइस म्हणजे आपले घर. आजी-आजोबांचे शेवटचे दिवस माजघरात, लेकी-सुनांच्या हातून निघत. ज्यांना घरानेच दूर लोटले, त्यांच्यासाठी कोणी ना कोणी पुढे आले. कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते अशा काळात, १९३६ साली, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. सेवाग्रामला महात्मा गांधी परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाने झडलेल्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करीत. आपल्या पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन उभे राहिले, तेही याच वाटेवरचे. आणि गाडगेबाबांच्या नावाने दादरला जी धर्मशाळा चालते, तिने कर्करोगाच्या किती गोरगरीब रुग्णांना आसरा दिला असेल! बरे करणे हाती नसले तरी सांभाळणे हाती असते, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

मग अडले कुठे? अडले ते मोजमापापाशी.

इस्पितळाची गुणवत्ता आकड्यांनी तपासावी, हा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने जगापुढे जोरकसपणे मांडला. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. गटारे साफ झाली, हवा खेळती झाली, आणि काही महिन्यांतच ते झपाट्याने उतरले. बाईंनी हे आकडे रंगीत तक्त्यांत मांडून सरकारपुढे ठेवले. तेव्हापासून एक कसोटी रूढ झाली : जिथे कमी माणसे मरतात ते इस्पितळ चांगले.

इतर ठिकाणी ही कसोटी बरी चालते. पण जिथे येणारा प्रत्येकजण शेवटच्या आजाराचाच आहे, तिथे ती लावायची कशी? मृत्यू मोजून तिथे काहीच कळत नाही. शाळेची पारख परीक्षेच्या निकालावरून होते, पण जिथे परीक्षाच नाही त्या बालवाडीची पारख कशी कराल? मुले हसतात का, घाबरतात का, हेच पाहावे लागते ना? तसेच हे.

या कोड्याला वाट दाखवली ती इंग्लंडच्या सिसिली साँडर्स यांनी. या बाई आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. लंडनच्या जुन्या शुश्रूषागृहांत त्यांनी एक गोष्ट बारकाईने पाहिली. इतर इस्पितळांत रुग्ण वेदनेने ओरडू लागला की मगच औषध मिळे. म्हणजे दर वेळी त्याने आधी दुखणे सोसायचे, मग याचना करायची. काही शुश्रूषागृहांत मात्र मॉर्फीन घड्याळ लावून, वेदना परतण्याआधीच देत. तिथले रुग्ण शांत असत, शुद्धीवर असत, घरच्यांशी बोलत. साँडर्स यांनी एकेका रुग्णाच्या नोंदी ठेवून हे पडताळले. दुखणे केवळ शरीराचे नसते. मनाचे, संसाराच्या काळजीचे आणि श्रद्धेचेही असते, हेही त्यांनी मांडले. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पाइस उघडले. आजच्या पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे रोग हटला नाही तरी त्रास हटवणाऱ्या उपचारांचे, ते उगमस्थान मानले जाते.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेत डॉ. अव्हेडिस डोनाबेडियन यांनी वैद्यकीय सेवेची पारख तीन अंगांनी करावी असे सुचवले. संस्थेजवळ काय आहे, ती प्रत्यक्षात काय करते, आणि त्यातून रुग्णाला काय लाभते. इमारत, खाटा, माणसे हे पहिले अंग. आपण बहुधा तिथेच थांबतो. फरशी चकाकते म्हणजे संस्था चांगली! पण रुग्णाला फरशीचा काय उपयोग? त्याला रात्री झोप लागली की नाही, हे तिसरे अंग महत्त्वाचे.

याचा एक मोठा धडा आपल्याच देशात मिळाला. मदर तेरेसा यांनी १९५२ साली कलकत्त्यात कालीघाटला ‘निर्मल हृदय’ काढले. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलून आणायचे, धुवायचे, पांघरूण घालायचे, हे काम सोपे नव्हे. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स तिथे जाऊन आले. स्वच्छता, जखमांची निगा आणि प्रेमळ वागणूक यांची त्यांनी तारीफ केली. पण तीव्र वेदनांवरची औषधे तिथे नव्हती, आणि बरा होऊ शकणारा रुग्ण कोणता व न होणारा कोणता याची नीट निवड होत नव्हती, हेही त्यांनी लिहिले. त्यावर वाद झाला. कोणाला ते लिहिणे कठोर वाटले, कोणाला रास्त. मला विचाराल तर त्यातला मुद्दा मोलाचा आहे. करुणा हवीच, पण करुणेलाही हिशेब हवा. सेवा करणाऱ्याचा भाव कितीही निर्मळ असो, दुखणाइताची वेदना तेवढ्याने कमी होत नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. लुई डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले. भारतातले हे पहिले हॉस्पाइस. कर्करोगाच्या ज्या रुग्णांवर आणखी उपचार उरलेले नाहीत त्यांना तिथे जातधर्म न विचारता आणि पैसे न घेता ठेवून घेतात. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली. सौम्य दुखण्याला साधी गोळी, त्याहून अधिकाला अधिक जोराचे औषध, आणि असह्य वेदनेला मॉर्फीन. तेही शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळ लावून.

पण दैव पाहा! त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, आपल्या देशात अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा झाला होता. हेतू चांगलाच होता. परंतु परवान्यांची इतकी भानगड झाली आणि शिक्षेचे इतके भय बसले, की औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. पुढल्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर शेकडा नव्वदांहून अधिक घटला. मध्य प्रदेशात नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफूची शेते फुलत होती, त्या अफूपासूनचे औषध परदेशातल्या रुग्णांपर्यंत पोचत होते, आणि इथला शेतकरी मात्र खाटेवर तळमळत होता. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी झाली. तरी भय अजून पुरते गेलेले नाही. मॉर्फीनने माणूस व्यसनी होतो, किंवा लवकर जातो, असे पुष्कळांना वाटते. जाणत्या डॉक्टरने दुखण्याच्या मानाने बेताने दिले तर सहसा तसे होत नाही, हे गावोगाव सांगायला हवे.

नव्वदच्या दशकात आणखी एक पाऊल पुढे पडले. १९९७ साली पुण्याला वारज्यात सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र निघाले. तिथे रुग्णासोबत घरचे माणूस राहते. जखम कशी धुवावी, औषध कसे द्यावे हे शिकते, आणि त्रास आटोक्यात आला की दोघेही घरी जातात. तिकडे केरळात १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था काढली. तिच्यातून पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी आठवड्यातून काही तास देतात आणि परिचारिकेबरोबर घरोघर जातात. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरणच आखले. म्हणजे चार भिंतींचे हॉस्पाइस पुन्हा माजघरात आले. मात्र या वेळी ज्ञान आणि औषध बरोबर घेऊन आले.

एवढे होऊनही देश म्हणून आपली स्थिती कशी आहे? लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाने २०१० मध्ये अखेरच्या काळातल्या शुश्रूषेबाबत ४० देशांची तुलना केली, तेव्हा भारताचा नंबर शेवटचा, चाळिसावा आला. २०१५ मध्ये ८० देशांत आपण ६७ वे होतो. केरळचा दाखला मात्र दोन्ही वेळा गौरवाने दिला गेला. गरीब मुलखातही हे काम होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उद्या आपल्या घरच्या माणसासाठी अशी संस्था पाहायची वेळ आली, किंवा घरी येणारे पथक ठरवायचे झाले, तर काय पाहावे? इतिहासातून निघालेले प्रश्न मी सांगतो. शिक्षक मंडळींनी ते फळ्यावर लिहून ठेवावेत.

पहिला प्रश्न : दुखणे किती आहे, हे रुग्णाला रोज विचारतात का, आणि लिहून ठेवतात का? डॉक्टर शून्य ते दहा अशा अंकांत विचारतात. आपल्या म्हाताऱ्या माणसांना अंक जमत नसतील तर रुपयात किती आणे दुखते असे विचारावे. काल बारा आणे होते, आज चार आणे आहे, एवढे कळले तरी पुरे. दुसरा : तिथे मॉर्फीन मिळते का, आणि ते देणारा शिकलेला डॉक्टर आहे का? तिसरा : रात्री दोन वाजता त्रास वाढला तर कोण येईल, निदान फोन कोण उचलेल? दिवसाची सेवा पाहून भुलू नये. खरी परीक्षा रात्री असते. चौथा : तोंड स्वच्छ आहे का, पाठीला जखमा नाहीत ना, अंगाला वास येत नाही ना? पाचवा : घरच्या माणसाला शिकवतात का, आणि रुग्ण गेल्यावरही त्या घराची विचारपूस होते का? सहावा : रुग्णाला जेवढे जाणून घ्यायचे आहे तेवढे खरे, हळुवारपणे सांगतात का, आणि त्याची इच्छा मानतात का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. रुग्णाचा शब्द मोलाचा आहे, हे आता कायद्यानेही म्हटले आहे.

यातल्या एकाही प्रश्नाला संगमरवर लागत नाही. पत्र्याच्या छपराखालची संस्थाही या सहाही कसोट्यांना उतरू शकते, आणि वातानुकूलित इमारतीतली पहिल्याच कसोटीला नापास होऊ शकते. विचारायला संकोच मात्र करू नये. संस्था धर्मादाय आहे, फुकट करते, मग आपण कसे विचारावे, असे आपल्या लोकांना वाटते. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ती स्वतःच वही उघडून दाखवते.

“आता घरी न्या” हे वाक्य यापुढेही कानी पडणार. ते कोणालाच चुकवता येत नाही. पण त्याला जोडून “आणि दुखण्यासाठी अमक्याला बोलवा” एवढे दुसरे वाक्य डॉक्टरांनी सांगावे, आणि सांगितले नाही तर आपण विचारावे. गावात एक शिक्षक, एक आशाताई आणि दोन-चार तरुण एवढी माणसे तयार झाली, तरी त्या दुसऱ्या वाक्याला गावातच जागा मिळेल. केरळात सुरुवात एवढ्यानेच झाली होती.