'दाऊ' म्हणजे 'तू'च

इंग्रजी प्रार्थनेत देवाला 'दाऊ' म्हटलेले ऐकले की चांगले वाचन असलेली माणसेही सांगतात, हे जुने आदरार्थी सर्वनाम, म्हणजे आपले 'आपण'. शाळेत मलाही हेच शिकवले होते. पुरावा नेमका उलट बाजूने बोलतो.

'दाऊ' आणि 'तू' मुळात एकाच कुळातले. संस्कृतात जिथे त, तिथे इंग्रजीत 'टी-एच': त्रि आणि थ्री, त्वम् आणि दाऊ. जुन्या इंग्रजीत 'दाऊ' एकाला, 'यी' अनेकांना, एवढाच भेद होता. १३व्या शतकापासून फ्रेंच रीतीने वरिष्ठाला अनेकवचनात बोलणे रुळत गेले. आपण सासऱ्यांना 'तुम्ही' म्हणतो तसेच. मान मिळाला तो 'यी'ला, म्हणजे त्याच्याच 'यू' या रूपाला. 'दाऊ' उरले जिवलगासाठी, नोकरासाठी आणि पाणउतारा करण्यासाठी. १६०३ साली वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला भर न्यायालयात अरेतुरे केले, आणि मी तुला 'दाऊ'च म्हणतो असे वर ठणकावले. आदराच्या शब्दाने असा अपमान होतो का? क्वेकर पंथीयांनी लहानथोर सर्वांना 'दाऊ' म्हणायचे व्रत घेतले. तरुण थॉमस एलवुडने वडिलांनाही तसेच संबोधले आणि त्यांच्या हातचा मार खाल्ला.

मग बायबलचे काय, असे विचारतात. १६११च्या भाषांतरात देवाला 'दाऊ' आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथात देव एदेन बागेतल्या सापाला शाप देतो, तोही 'दाऊ' म्हणूनच! सापाचा कसला आदर? भाषांतरकारांना हिब्रू-ग्रीकमधला एकवचन-अनेकवचनाचा भेद जपायचा होता. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू सीमोनाशी बोलतो. सैतानाने मागणी केली त्या वाक्यात 'यू' आहे, प्रार्थनेच्या वाक्यात 'दाऊ'चेच रूप 'दी'. म्हणजे सैतानाला सगळेच शिष्य हवे होते. येशूने प्रार्थना केली ती एकट्या सीमोनासाठी. दोन्हीकडे नुसते 'यू' घातले की त्या प्रसंगाचा गाभाच निसटतो. मराठीत 'तुम्हांला' आणि 'तुझ्यासाठी' एवढे म्हटले की काम होते.

पुढे 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून बहुतेक गेले आणि प्रार्थनेत टिकले, म्हणून आजच्या कानाला ते भारदस्त वाटते, हे मान्य. १९५२च्या सुधारित अमेरिकी बायबलने ते देवापुरतेच राखून ठेवले. पण हा विसाव्या शतकाचा कान आहे. तो शेक्सपिअरच्या काळाला लावला की त्याच्या नाटकांतली सलगी आणि शिवीगाळ दोन्ही आपल्याला ऐकूच येत नाहीत.

विठोबाला 'तू' म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. आईलाही आपण 'तू'च म्हणतो. म्हणून जुनी इंग्रजी प्रार्थना मराठीत आणणाऱ्यांना माझी विनंती आहे: 'दाऊ'च्या जागी 'आपण' घालू नका, निःसंकोच 'तू' लिहा.