सातासमुद्रांपलीकडून आणलेले मूल

श्रोते हो, नवराबायकोचे बिनसले आणि बायको पोराला कडेवर घेऊन माहेरी आली, ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांना नवी नाही. चार वडीलधारी माणसे बसत, पोर कुणापाशी राहायचे ते ठरवीत. नाहीच जमले, तर जिल्ह्याचे कोर्ट होतेच. पण आई एका देशात, बाप दुसऱ्या देशात आणि हातात परदेशी कोर्टाचा हुकूम, असे झाले म्हणजे काय करावयाचे?

हा प्रश्न विमानाबरोबर वाढला. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हॉलंडातील हेग शहरी यासाठी एक करार झाला. सोळा वर्षांखालचे मूल एका पालकाने दुसऱ्याचा हक्क डावलून परदेशी नेले, तर त्याला आधी त्याच्या नेहमीच्या देशी परत पाठवावे. ताब्याचा वाद तिथल्या कोर्टाने मिटवावा. मुलाला गंभीर धोका असेल तर गोष्ट वेगळी. शंभराच्या वर देश या करारात आले. आपला देश मात्र अजून त्यात नाही. म्हणून आपल्याकडे जे घडले ते कोर्टांच्या निकालांतूनच.

पहिला मोठा निकाल १९८४ चा. इंग्लंडात जन्मलेल्या एका मुलाला बापाने गुपचूप पंजाबात आणले. हा बाप कसा, तर बायकोच्या जिवावर उठल्याबद्दल त्याला तिकडे शिक्षा झालेली, आणि तिनेच रदबदली करून त्याला सोडवलेले! आई मागोमाग आली. हायकोर्टात ती हरली. बापाकडचे आजीआजोबा सधन होते ना! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. १९५६ च्या कायद्याने बाप हा मुलाचा नैसर्गिक पालक खरा, पण मुलाच्या हितापुढे ते कलम टिकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्या देशाशी त्या संसाराचा सर्वांत जवळचा संबंध, त्याच देशाच्या कोर्टाने वाद सोडवावा, हेही सांगितले. मूल आईला मिळाले. आजोबांच्या श्रीमंतीला त्यांनी फार वजन दिले नाही, हे मला विशेष वाटते.

दुसरी हकीकत तर पुण्याचीच. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या एका बापाने, सुटीच्या दिवशी भेटण्याची जी सवलत कोर्टाने दिली होती तिचाच फायदा घेऊन, आपला लहानगा मुलगा पुण्यास आणला. अमेरिकन आई सुप्रीम कोर्टात आली. न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात दोनदा बोलावून त्याच्याशी गप्पा मारल्या. शिक्षकबंधूंना ठाऊक आहे, त्या वयाचे मूल समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देते. न्यायमूर्तींनीही तेच ओळखले: स्वतःचे मत बनवण्याइतके त्याचे वय नाही. शिवाय तो इथे रुजलेला नव्हता. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आईबरोबर परत गेला.

पण रुजला असता तर? १९९७ मध्ये नेमके तेच पुढे आले. आईने १९८४ साली अमेरिकेतून वर्षाचे मूल आणलेले. निकालापर्यंत तेरा वर्षे लोटलेली. बापाजवळ अमेरिकन कोर्टाचा हुकूम होता. कोर्ट म्हणाले, त्या हुकुमाचा विचार करू, पण तो बंधनकारक नाही; मुलाचे हित पाहू. मुलगा आईकडेच राहिला. इथे एक बोच राहतेच हो. खटला लांबला म्हणजे मूल आपोआप रुजते, आणि ज्याने त्याला उचलून आणले त्याचे फावते.

२०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने परदेशी कोर्टाच्या आधीच्या हुकुमाला पुष्कळ मान दिला. दोनच वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, तीन न्यायमूर्तींनी ते मत बाजूला सारले. त्या खटल्यातली लहान मुलगी हृदयविकाराची, आईपाशी दिल्लीत. बापापाशी इंग्लंडच्या कोर्टाचा हुकूम. मुलगी आईपाशीच ठेवली. त्याआधी, २००९ मध्ये, विधि आयोगाने हेगच्या करारात सामील व्हावे अशी शिफारस केली होती. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही झाला. पण परदेशी नवऱ्याच्या मारहाणीतून मूल घेऊन माहेरी पळून आलेल्या बाईचे काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, आणि मसुद्याचा कायदा झाला नाही.