परिचर्या अभ्यासक्रम : शाखेनुसार ठरणाऱ्या वाटा

बारावीनंतर परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या शहाद्यातील विद्यार्थिनींनी अर्ज भरण्यापूर्वी एक बाब ध्यानी घ्यावी. अकरावीला निवडलेल्या शाखेवर पुढील वाट अवलंबून असते.

बी.एस्सी. नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक असून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी मिळते.

कला शाखेच्या विद्यार्थिनींना ही पदवी थेट घेता येत नाही. त्यांच्यासाठी ३ वर्षांचा जीएनएम आणि २ वर्षांचा एएनएम हे अभ्यासक्रम खुले आहेत. जीएनएम झाल्यावर २ वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी मिळवता येते. त्यामुळे पदवीचे दार कायमचे बंद होत नाही.

एएनएमचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने उपकेंद्राचे असते. गरोदर मातांची तपासणी, लसीकरण व गृहभेटी ही तिची नित्याची कामे. मैदानी भागात ५ हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासकीय निकष आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर भिली वा पावरी बोलणारी परिचारिका रुग्णाला अधिक जवळची वाटते. स्थानिक मुलींची ही जमेची बाजू होय.

शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता अवश्य तपासावी. मान्यता नसल्यास महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही आणि नोंदणीविना परिचारिका म्हणून काम करता येत नाही.