तळटीप : ‘चार-दहाचा ॲक्सल’

मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर 4.10, म्हणजे क्राउनला 41 दात आणि पिनियनला 10. प्रोपेलर शाफ्टचे 4.1 फेरे झाले की चाक एकदा फिरते. 1970च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस 454मध्ये हा संच मागवून घेता येई. सिग्नल सुटताच गाडी झेपावे ती यामुळेच. हायवेवर मात्र त्याचाच जाच. चार गिअरच्या बॉक्समध्ये टॉप गिअर थेट 1:1, वर ओव्हरड्राइव्ह नाही. साधारण 26 इंची टायर धरले तर ताशी 110 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3,600 फेरे घेते, 3.31चा ॲक्सल असता तर 2,900. तासन्‌तास कानात घरघर, आणि पेट्रोलही जास्त. अशी गाडी लांब पल्ल्याला न्यायची असेल, तर ॲक्सल तसाच ठेवून ओव्हरड्राइव्हचा पाच-गिअरी बॉक्स बसवणे मला अधिक योग्य वाटते. – संपादक